चोवीसने भागल्यावर

कुठलीही मोठी वस्तू समोर आली की मनातल्या मनात तिला चोवीसने भागायची मला सवय जडली आहे. बुलडाण्याच्या बसस्टँडवर मेहकरची एसटी लागते, दाराशी लोटालोटी सुरू होते आणि मी गाडीची लांबी नजरेनं मोजून भागाकार करत असतो. अर्ध्या मीटरच्या आत बसते, म्हणजे घरच्या टेबलावर आडवी मावेल. नांदुऱ्याचा १०५ फुटी मारुती साडेचार फुटांच्याही खाली येतो. लोणारच्या विवराचा काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे १८०० मीटर. त्याचे ७५ मीटर होतात, एखाद्या शाळेच्या मैदानावर तो फक्कीनं आखता येईल. माणूस पावणेतीन इंचांचा. त्याच्या हातातली पिशवी बोटाच्या नखाएवढी.

हा आकडा मोटारींच्या प्लास्टिकच्या किटांनी माझ्या डोक्यात घातला. त्यांचं रूढ प्रमाण एकास चोवीस, म्हणजे खऱ्या गाडीच्या एका फुटाला किटवर अर्धा इंच. फूटपट्टीवर वाढलेल्या माणसांनी सोयीसाठी ठरवलेलं हे माप पुढं सगळ्या जगानं उचललं. माझ्या टेबलावर सध्या आहे ती मिनी कूपर, जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीच्या किटमधली. खरी मिनी जेमतेम ३.०५ मीटर लांबीची, म्हणून ही साधारण पावणेतेरा सेंटिमीटरची. चाकं तर खऱ्या गाडीलाच दहा इंची होती. इथं ती एक सेंटिमीटरच्या थोडी वर जातात. त्या चाकाच्या मधोमध असलेल्या नटांना रंग द्यायचा तर श्वास रोखावा लागतो, कारण श्वासानं हात हलतो.

खोका उघडला की आत चौकटी असतात, आणि त्या चौकटींना बारीक देठांनी लटकलेले गाडीचे अवयव. स्टिअरिंग, सीट, आरसा, सायलेन्सर, सगळं सुटं सुटं आणि सपाट मांडलेलं. जुळणी सुरू करण्याआधी एक पूर्ण संध्याकाळ मी त्या चौकटी नुसत्या पाहण्यात घालवतो. गाडी म्हणजे काय काय असतं हे रस्त्यावरच्या गाडीकडे पाहून कळत नाही, ते इथं कळतं. मग देठ कापायचा, कापल्या जागी राहिलेला ठिपका कानशीनं घासायचा, अंगठा फिरवून पाहायचा. अंगठ्याला जे लागत नाही ते रंग चढल्यावर डोळ्याला दिसतं, म्हणून पुन्हा घासायचा.

कानशी आणि चिमटे मी खामगावहून आणले. खामगाव चांदीचं गाव, तिथल्या कारागिरांना लागणारी हत्यारं तिथल्या बाजारात मिळतात. सोनारी चिमट्याचं टोक असं जुळतं की केसही सुटत नाही. दुकानदारानं विचारलं, "नथीचं काम करता काय?" मी मिनीच्या वायपरचा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, आतून दुसरा चिमटा काढला, टोकाला किंचित वाकडा. "हा न्या. सरळ चिमट्यानं तुमचा हात कामाच्या आड येईल." तेव्हापासून तो वाकडा चिमटाच माझा उजवा हात आहे. त्या माणसानं आयुष्यात प्लास्टिकची गाडी जोडली नसेल, पण लहान वस्तूशी कसं वागायचं हे त्याला माहीत होतं, आणि ते ज्ञान चांदीहून प्लास्टिकवर सहज उतरलं.

रंगाचं शिक्षण मला चिखली रोडवरच्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्यानं दिलं. त्याच्याकडे बोलेरो आणि ट्रॅक्टर येतात, माझं काम तळहातावर मावणारं, पण रंग तोच, थिनर तोच, कम्प्रेसरचा आवाजही तोच. श्रावणात मी त्याच्याकडे डोकावलो तेव्हा तो रिकामा बसला होता. "भाऊ, झडीत कलर मारू नका," तो म्हणाला. "पांढरा पडते. मंग घासत बसा." थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार करतो, त्या गारव्यावर हवेतलं बाष्प बसतं आणि लॅकर दुधाळ होतो. पुस्तकात हे मी वाचलं होतं, पण "पांढरा पडते" हे दोन शब्दांतलं शास्त्र ऐकल्यावर पटलं. उलट वैशाखात, विशेषतः घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडे, रंग नळीतून निघून गाडीपर्यंत पोचेतो हवेतच वाळतो आणि पृष्ठभागावर खरखर बसते. आमचं बुलडाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर आहे म्हणून हवा थोडी नरम, तरी मे महिन्यात ब्रशच्या टोकावरचा ॲक्रिलिक रंग खोक्यावरचं चित्र पुन्हा पाहून येईपर्यंत सुकलेला असतो. कार्तिक ते माघ हा खरा रंगाचा हंगाम. कोरडी हवा, बेताची थंडी, दुपारी खिडकीतून येणारं तिरपं ऊन.

या गाडीचं अंग लाल आणि छत पांढरं. आधी राखाडी प्रायमर, मग छताचा पांढरा, तो पक्का वाळला की त्यावर मास्किंग टेप, आणि मग लाल. टेपची कड नखानं कितीही दाबली तरी तिच्याखालून लाल झिरपतोच. त्यावर एक सुंदर तोडगा आहे. टेप लावल्यावर तिच्या कडेवरून आधी पुन्हा पांढराच मारायचा. जे झिरपायचं ते पांढरं झिरपतं, पांढऱ्यावर पांढरं, आणि फट बुजून जाते. मग लाल कितीही मारा. टेप काढताना ती वर उचलायची नाही, स्वतःवरच उलटी दुमडून, रेषेला धरून सावकाश ओढत न्यायची. लाल आणि पांढऱ्याच्या मधली ती सुरेख रेघ हळूहळू उघडी पडत जाते, आणि त्या दोन-तीन मिनिटांत घरात कुणी हाक मारली तरी मी ओ देत नाही.

रंगाच्या जाडीचा हिशेबही चोवीसनंच करावा लागतो. थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याचा बसला तर खऱ्या गाडीवर तो जवळपास अडीच मिलिमीटरचा लेप झाला. तेवढा लेप कुठल्याच गाडीवर नसतो. तो दाराच्या फटी बुजवतो, कडा गोल करतो, आणि गाडी साबणाच्या वडीसारखी दिसू लागते. म्हणून पातळ थर, पुन्हा पातळ थर, मधे पाण्यात बुडवलेल्या दोन हजारी पेपरचा हलका हात. शिवाय रंगाची छटा. खऱ्या मिनीचा खराखुरा लाल रंग किटवर तसाच्या तसा मारला तर तो भडक वाटतो. कारण आपण किट एका हातावरून पाहतो. तीस सेंटिमीटर अंतर म्हणजे चोवीसनं गुणून सात मीटरच्या वर. सात मीटरांवरच्या गाडीचा रंग मधल्या हवेनं जरा विटलेला असतो, चमकही बसलेली असते. म्हणून लाल थोडा मंद करावा लागतो. पांढरा घातला तर तो गुलाबीकडे झुकतो, म्हणून मी नारिंगीचा थेंब घालतो. हवा रंगात कालवायची, असं मी त्याला मनात म्हणतो.

आकडे आणि अक्षरं डेकलवर येतात, पाण्यात भिजवून सरकवायची. इथलं बोअरचं पाणी जड, वाळल्यावर पांढरा डाग ठेवून जातं. त्यासाठी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी आणतो. दारावर १७७ हा क्रमांक, पुढं एलबीएल ६डी ही नंबरप्लेट. १९६७ साली मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेली हीच ती गाडी, चालक फिनलंडचे रौनो आल्टोनेन, शेजारी हेन्री लिडन. रॅली ही शर्यतीपेक्षा वेगळी गोष्ट आहे. इथं गाड्या एकमेकींना खेटून धावत नाहीत. एक एक करून सुटतात, साध्या रस्त्यांवरून, घाटांतून, बर्फातून आणि चिखलातून जातात, आणि प्रत्येकीची स्पर्धा घड्याळाशी असते. शेजारी बसलेला माणूस वही वाचून पुढचं वळण सांगतो आणि चालवणारा अजून न दिसलेल्या वळणावर विश्वास टाकतो. मला या खेळात सगळ्यात जास्त भावतो तो हा विश्वास.

पुढच्या दिव्यांपाशी मात्र मी जास्त रेंगाळतो. आदल्या वर्षी, १९६६ साली, मॉन्टे कार्लोत पहिल्या तिन्ही क्रमांकांवर मिनीच आल्या होत्या आणि तिन्ही बाद ठरवल्या गेल्या, कारण त्यांच्या दिव्यांतले बल्ब नियमात बसत नाहीत असं पंचांनी म्हटलं. विजय एका सिट्रोएनला दिला गेला. पुढच्या वर्षी मिनी परत आली आणि जिंकली. त्यामुळं या बोनेटपुढं ओळीनं लावलेले वाटोळे दिवे मला नुसते दिवे वाटत नाहीत. त्यांच्या आत चंदेरी रंगाचा थेंब सोडताना तो कडेला लागू नये म्हणून मी फारच जपतो. पारदर्शक काच बसवायला प्लास्टिक जोडायचा साधा सिमेंट वापरायचा नाही, त्याच्या वाफेनं काच धुरकटते. पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद बरा, वाळला की दिसेनासा होतो.

एवढं सगळं झालं की गाडी शोरूममधून आत्ता बाहेर काढल्यासारखी दिसते. आणि तिथंच मला अडायला होतं, कारण रॅलीतली गाडी तशी कधीच नसते. निघण्याच्या रेषेवर असेल, पुढच्या वळणापलीकडे नाही. तिच्यावर धूळ हवी.

चोवीसनं भागता न येणाऱ्या काही गोष्टी आहेत आणि त्यांत धूळ पहिली. लहान गाडीवर खरी धूळ टाकली तर तिचा एक एक कण गोटीसारखा दिसतो. पाणीही तसंच. छोट्या बोटीवर पाणी उडालं तर थेंब आपल्या मूळ आकाराचाच राहतो, त्याला बोटीचं प्रमाण कळत नाही. जुन्या सिनेमांतली समुद्रातली वादळं म्हणूनच टाकीत घेतलेली आहेत हे लगेच कळून येतं. प्रकाशही लहान होत नाही. खिडकीतलं ऊन गाडीवर पडतं ते पूर्ण आकाराचं ऊन असतं. लांबी, रुंदी, चाकाचा घेर, दाराची फट, हे सारं भागाकाराला निमूट शरण येतं. धूळ, पाणी, ऊन येत नाहीत. ते माणसाला आपल्या अंदाजानं, आपल्या जाणिवेनं नव्यानं घडवावे लागतात. किट जोडण्यातलं कौशल्य पहिल्या भागात आहे, पण जीव या दुसऱ्या भागात आहे, असं मला दिवसेंदिवस वाटू लागलं आहे.

आमच्या जिल्ह्यात धुळीची जात ओळखायला वेळ लागत नाही. इथं लोक घाटावरचे आणि घाटाखालचे अशी विभागणी करतात, बोलण्यात, लग्नसंबंधांत, राजकारणात. राजूर घाट उतरून मोताळ्याकडे गेलं की पूर्णेच्या खोऱ्याची खोल काळी माती सुरू होते. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगावकडे ती मैलोन् मैल सपाट पसरलेली, काही भागात खारपाणपट्टा. घाटावर चिखली-मेहकरकडे माती हलकी, मध्येच मुरूम उघडा पडलेला. जीपच्या मडगार्डवरची धूळ पाहून ती कुठून आली हे जुनी माणसं सांगतात. गंमत ही की काळी माती धूळ झाली की काळी राहत नाही. ओली असताना ती काजळासारखी, ढेकूळ असताना करडी, आणि चाकाखाली दळून हवेत उडाली की फिकट राखाडी, जरा तपकिरीकडे झुकणारी. मी एकदा पांदणीतली धूळ डब्यात भरून आणली, खलबत्त्यात घोटली, जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून वस्त्रगाळ केली, पुन्हा घोटली. आत्या ओट्यावर बसून पाहत होती. "एवढ्याशा गाडीले एवढे दिवस कायले लागतेत रे पोरा?" म्हणाली. मग ती भुकटी चिमटीत धरून बोटांवर चोळली आणि तिचा आवाज बदलला. "आपल्या खालच्या वावरातली हाय ही." ते वावर विकून बराच काळ झाला आहे. डबा मी पांदणीतूनच भरला होता, पण ती पांदण त्याच वावराच्या कडेनं जाते हे मी तिला सांगितलं नव्हतं.

वस्त्रगाळ केलेली ती धूळ कोरड्या ब्रशनं चाकांच्या कमानीखाली टेकवली की कण दिसत नाहीत, फक्त रंग दिसतो, एक थकवा दिसतो. दाराच्या खालच्या कडेला दाट, वर जाताना विरळ. मागच्या बाजूला जास्त, कारण धावणाऱ्या गाडीच्या मागं हवा वळसा घेते आणि उडालेली धूळ परत तिच्याच पाठीवर आणून टाकते. वायपर फिरतो तेवढा काचेचा पंख्याच्या आकाराचा तुकडा स्वच्छ. या सगळ्या जागा मी स्टँडवर उभ्या गाड्या पाहून शिकलो.

पण ही मिनी धावली बर्फात. आल्प्सच्या घाटांत, जानेवारीत. तिच्या अंगावर वऱ्हाडातली धूळ टाकणं खोटं आहे. हा प्रश्न मला सोडवता आलेला नाही.

पोळ्याच्या आधी बाजारात मातीचे बैल येतात. ज्यांच्या घरी बैल उरले नाहीत ते त्यांची पूजा करतात, आणि आता असं घर बहुतेक प्रत्येकच आहे. त्या बैलाला प्रमाण लावून पाहिलं तर काहीच जुळत नाही. वशिंड पाठीच्या निम्म्याएवढं, शिंगं अंगाच्या मानानं दुप्पट, पाय आखूड आणि जाड. कुंभाराला बैल ठाऊक नाही असं कोण म्हणेल? त्यानं बैलातलं जे पूजण्यासारखं आहे ते मोठं केलं आणि बाकीचं सोडून दिलं. ते माप जिव्हाळ्याचं आहे आणि त्यानं बैल अधिकच बैल होतो. माझ्या टेबलावरच्या मिनीला कुणी असं मोठं वशिंड देऊ पाहिलं तर मी ते खपवून घेणार नाही, इथं मला मिलिमीटर हवा. आणि तरीही आत्याच्या वावरातली धूळ तिच्या चाकांना लागावी असं जे वाटतं, ते त्या कुंभाराच्याच बाजूचं आहे. दोन्ही खरेपणा एका गाडीवर कसे नांदवायचे?

या विचारात असतानाच मला १९६८ सालच्या लंडन-सिडनी मॅरेथॉनची गोष्ट सापडली, आणि तेव्हापासून ती सुटत नाही. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसहून ९८ गाड्या निघाल्या. पॅरिस, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल करत दिल्लीला आल्या आणि दिल्लीहून आग्रा, इंदूरमार्गे मुंबईला. तिथून चुसान नावाच्या बोटीत चढून त्या ऑस्ट्रेलियाला जायच्या होत्या. बोटीपर्यंत ७२ पोचल्या. इंदूरहून मुंबई म्हणजे सेंधव्यावरून धुळे, मालेगाव, नाशिक. आपला आग्रा रोड. जगातल्या नामांकित रॅलीचालकांनी खानदेशातून, आमच्या मलकापूरपासून पावणेदोनशे किलोमीटरांवरून गाड्या हाणत नेल्या. त्यांत पॅडी हॉपकर्क होते, ज्यांनी १९६४ साली मिनीतून मॉन्टे कार्लो जिंकली होती. या वेळी त्यांच्याकडे मिनी नव्हती, तिचीच थोरली बहीण म्हणावी अशी ऑस्टिन १८०० होती, सोबत टोनी नॅश आणि ॲलेक पूल.

दिल्ली ते मुंबई, चौदाशेच्या आसपास किलोमीटर, आणि वेळ सुमारे तेवीस तासांचा. सवयीनं मी तेही चोवीसनं भागलं. अंतर अठ्ठावन्न किलोमीटर आलं, वेळ तासाच्या किंचित आत. म्हणजे बुलडाण्याहून निघून चिखलीवरून मेहकरच्या अलीकडे पोचण्याचा प्रवास. तो मी कितीतरी वेळा एसटीच्या खिडकीतून केलेला आहे. हॉपकर्कांचा सगळा हिंदुस्थान माझ्या भागाकारात एवढा आला. पण त्या रस्त्यावरच्या बैलगाड्या, कंदील लावलेले ट्रक, गाव आलं की रस्त्यावर उतरलेली माणसं, गाडीला हात लावून पाहणारी पोरं, आणि त्या सगळ्यांतून डोळे ताणून गाडी काढणारा, आदल्याच टप्प्यात अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडून आलेला माणूस, या गोष्टी भागाकारात आल्या नाहीत.

त्या मॅरेथॉनचा शेवट ऐकला की अंगावर काटा येतो. ऑस्ट्रेलियात अखेरच्या दिवशी लुसियँ बियांकी आणि जाँ-क्लोद ओजिए यांची सिट्रोएन सगळ्यांच्या पुढं होती. बियांकींनी त्याच वर्षी ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली. सिडनी आता हाकेच्या अंतरावर, आणि नाव्राजवळ समोरून आलेल्या एका गाडीशी त्यांची टक्कर झाली. बियांकी आत अडकले. पहिले तिथं पोचले ते हॉपकर्क, तेव्हा तिसऱ्या स्थानावर. पुढं निघून जाण्यापेक्षा त्यांनी आपली गाडी थांबवली, आग विझवायला आणि माणसं बाहेर काढायला धावले, जिंकायची उरलीसुरली संधी सोडली. विजय अँड्र्यू कोवन यांच्या हिलमन हंटरला मिळाला, हॉपकर्क दुसरे आले. ज्या गाडीशी बियांकींची टक्कर झाली ती मिनी होती. हे मला कुठल्याही चषकापेक्षा अधिक लक्षात राहतं. २०२२ साली हॉपकर्क गेले तेव्हा त्यांच्याबद्दलच्या लिखाणात मॉन्टे कार्लो पुढं आणि नाव्रा मागं असं दिसलं. मी असतो तर क्रम उलटा लावला असता.

ऑस्टिन १८००चं चोवीसच्या प्रमाणातलं प्लास्टिक किट माझ्याकडं नाही. म्हणून ती मुळापासून करायची ठरवली आहे, अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या पत्र्यातून. लांबी साधारण साडेसतरा सेंटिमीटर. दारं, खिडक्या, लोखंडी जाळी, पुढचे दिवे, सगळं कापून, तासून, वाकवून. साचा नाही, चौकट नाही, देठ नाही. इथं धूळ खोटी ठरणार नाही, कारण ही गाडी खरोखर आपल्या मातीवरून गेली.

तेव्हा प्रश्न राहिला रंगाचा. १९६८ साली नोव्हेंबर संपता संपता आग्रा रोडची धूळ कशी दिसत असेल? धुळ्याला माझे मामा असतात, त्या काळी ते शाळेत होते. फोन करून विचारलं. "मामा, अडुसष्ट साली परदेशी गाड्यांची मोठी रॅली आग्रा रोडनं गेली होती, तुम्ही पाहिली काय?" ते आठवत राहिले. "अरे, आग्रा रोडवर रात्रंदिवस गाड्याच असायच्या. त्यातली कुठली लंडनची हे कोण पाहतंय? पाहिली असेल तर हॉटेलवाल्यांनी पाहिली असेल, नाहीतर ट्रकवाल्यांनी." मग त्यांनी ट्रकांबद्दलच सांगायला सुरुवात केली. कुठल्या ढाब्यावर चहा चांगला होता, सेंधव्याच्या घाटात कुणाचा ट्रक उलटला होता, दिवाळीच्या आसपास कापसाच्या गाड्या कशा रस्ताभर पांढरं सांडत जायच्या. कापसाचा तो तपशील मी लिहून घेतला. रस्त्याकडेच्या बाभळींना अडकलेला कापूस गाडीच्या पुढच्या जाळीतही अडकला असणार. चोवीसच्या प्रमाणात कापसाचा एक तंतू केवढा, याचा हिशेब सुरू आहे.

धुळीचा नमुना आणायला येतो म्हणालो तेव्हा मामांना त्यात काही वावगं वाटलं नाही. "ये. पण रस्त्यालगत आता सगळं काँक्रीट, सर्व्हिस रोड आणि पेट्रोलपंप. जुनी माती पाहिजे असेल तर सोनगीरच्या पुढं कुठंतरी गाडी थांबवून शेताच्या बांधापर्यंत जावं लागेल. मी येतो सोबत, शेतमालक ओळखीचे निघतील. आणि डबा झाकणाचा आण."

दिवाळीनंतर जाईन म्हणतो. तोवर १८००च्या छताचा मागचा उतार कागदावर जुळवायचा आहे. माझ्याकडच्या फोटोंत तो प्रत्येक ठिकाणी थोडा वेगळा दिसतो.